एकच रसायन, अनेक जीव
(सुवर्णमहोत्सवानिमित्त पुनावळे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





रावेतच्या बंधाऱ्यापाशी पवनेचे पाणी उचलले जाते, निगडीच्या केंद्रात ते शुद्ध होते आणि पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत पोहोचते. सकाळी नळाला आलेले तेच पाणी गाळून, उकळून तांब्यात भरले जाते आणि ओठांतून शरीरात जाते. येथपर्यंतचा प्रवास सर्वांच्या परिचयाचा आहे. पण पाण्याचा खरा प्रवास त्यानंतर सुरू होतो. आतड्यातून रक्तात, रक्तातून पेशीत असे ते पोहोचते आणि तेथे जे घडते त्यालाच जीवन म्हणावे लागते. पेशीच्या वजनात सुमारे ७० टक्के वाटा एकट्या पाण्याचा असतो. पवना मावळात वाहते, तशी ती येथे बसलेल्या प्रत्येकाच्या शरीरातही वाहत असते.

पुनावळ्याचा हा परिसर कारखान्यांचा आहे. एका बाजूला पिंपरी-भोसरी, दुसऱ्या बाजूला हिंजवडी आणि पलीकडे चाकण. कच्चा माल आत यावा, यंत्रे चालावीत, पक्का माल बाहेर पडावा आणि विजेचे देयक भरावे, हा क्रम येथील लहान मुलालाही ठाऊक आहे. आजचा विषय अशाच एका कारखान्याचा आहे. मात्र तो डोळ्यांना दिसत नाही. माणसाच्या शरीरात असे सुमारे ३० ते ३७ लाख कोटी कारखाने अहोरात्र चालू असतात. त्या कारखान्याचे नाव पेशी. तेथील कारभार कोणत्या रसायनांवर चालतो आणि ते जाणून घेतल्याने गृहस्थाच्या जीवनात काय फरक पडतो, याचा हा अल्पसा विचार आहे.

जिवंत आणि निर्जीव यांतील भिंत

इ. स. १६६५ मध्ये रॉबर्ट हूक या इंग्रज संशोधकाने बुचाच्या झाडाच्या सालीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी लहान लहान दालने दिसली. त्या दालनांना त्याने जे नाव दिले, त्यालाच मराठीत पेशी म्हणतात. हूकने पाहिलेली दालने रिकामी होती; त्यांतील जीव केव्हाच निघून गेला होता. जिवंत पेशीत काय असते हे कळायला पुढे दोन शतके जावी लागली.

त्या काळी विद्वानांची अशी समजूत होती, की सजीवांच्या शरीरातील पदार्थ एका विशेष जीवशक्तीनेच तयार होतात. प्रयोगशाळेत ते करता येणे अशक्य. १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अमोनियम सायनेट या क्षारापासून युरिया तयार केला. मूत्रात सापडणारा पदार्थ कोणत्याही प्राण्याच्या साहाय्याविना काचपात्रात तयार झाला. पुढे १८९७ मध्ये एडुआर्ड बूखनर याने यीस्टच्या पेशी वाटून त्यांचा रस काढला. त्या रसात एकही अखंड पेशी उरली नव्हती, तरीही त्याने साखर आंबवली. याचा अर्थ असा, की पेशी जे काम करते ते तिच्यातील काही द्रव्ये करतात आणि पेशी मोडली तरी ती द्रव्ये काही काळ आपले काम करीत राहतात. या द्रव्यांना आज विकरे म्हणतात. बूखनरला या कार्याबद्दल १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि जैवरसायनशास्त्र या नव्या विद्येचा पाया पक्का झाला.

या शोधांनी आत्म्याविषयीच्या प्रश्नांचे उत्तर दिलेले नाही. तो त्यांचा प्रांतही नव्हे. देहाचा कारभार कोणत्या नियमांनी चालतो एवढेच रसायनशास्त्र सांगते आणि तेवढेही थोडके नाही.

कारखान्याचा कच्चा माल

मानवी देहाच्या वजनापैकी सुमारे ९६ टक्के भाग केवळ चार मूलद्रव्यांचा असतो: ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन. त्यांत फॉस्फरस व गंधक, हाडांतील कॅल्शियम, रक्तातील लोह आणि काही क्षार मिळवले की यादी जवळजवळ पूर्ण होते. यांपैकी एकही द्रव्य दुर्मिळ नाही. हवा, पाणी आणि माती यांत जे आहे, तेच देहात आहे. वैभव आहे ते मांडणीत.

पहिला घटक कर्बोदकांचा. तांदूळ, गहू, ज्वारी यांतील पिठूळ पदार्थ म्हणजे ग्लुकोज या साध्या साखरेच्या असंख्य कणांची माळ होय. गंमत अशी, की कापसाचा धागाही ग्लुकोजचीच माळ आहे. पूजेचे शुभ्र सुती वस्त्र आणि ताटातील भात यांच्यातील मणी एकच; फक्त दोन मण्यांमधील गाठ निराळी. भाताची गाठ सोडवणारे विकर माणसाजवळ आहे, कापसाची गाठ सोडवणारे नाही. म्हणून भाताने पोट भरते आणि कापसाने अंग झाकले जाते. एका गाठीच्या फरकाने अन्न आणि वस्त्र असे दोन भिन्न पदार्थ निर्माण होतात.

दुसरा घटक स्निग्ध पदार्थांचा. वरणावर तूप सोडले तर ते पाण्यात विरघळत नाही, वर तरंगते, हे प्रत्येक गृहिणी पाहते. पेशीचे पटल याच गुणावर उभे आहे. पटलातील स्निग्ध कणांचे एक टोक पाण्याशी सलगी करणारे, तर दुसरे पाण्यापासून दूर पळणारे असते. असे कण पाण्यात आले की ते आपोआप दुहेरी रांगेत उभे राहतात. पाणी टाळणारी टोके आत, पाण्याशी जुळणारी टोके बाहेर. या दुहेरी रांगेची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या भागाइतकी असते. एवढी नाजूक कुंपणभिंत पेशीच्या आतील जग बाहेरच्या जगापासून निराळे ठेवते. काय आत यावे आणि काय बाहेर जावे, याचा निर्णय याच वेशीवर होतो.

तिसरा घटक प्रथिनांचा. डाळी, कडधान्ये आणि दूध यांतून मिळणारी प्रथिने पचनात सुटी होतात आणि त्यांचे वीस प्रकारचे घटक, म्हणजे अमिनो आम्ले, पेशीला मिळतात. मराठी वर्णमालेतील मोजक्या अक्षरांनी ओवीही लिहिता येते आणि हिशेबाची वहीही. त्याचप्रमाणे या वीस अक्षरांच्या निरनिराळ्या क्रमांतून केस, स्नायू, रक्तातील हिमोग्लोबिन आणि हजारो विकरे घडतात. चौथा घटक डीएनएसारख्या केंद्रकाम्लांचा. कोणते प्रथिन कोणत्या क्रमाने गुंफायचे याची नोंदवही तेथे असते. तिचा विचार पुढे येईल.

पेशीतील अग्नी

लाकूड जळते तेव्हा त्यातील कार्बनचा ऑक्सिजनशी संयोग होतो, उष्णता निघते आणि कर्बवायू बाहेर पडतो. पेशीतही अंतिम हिशेब तोच आहे: ग्लुकोज आणि ऑक्सिजन आत, कर्बवायू आणि पाणी बाहेर. मात्र पेशीतील अग्नी एकदम भडकत नाही. तो पायरीपायरीने, अनेक विकरांच्या देखरेखीखाली चालतो. प्रत्येक पायरीवर सुटणारी थोडी थोडी ऊर्जा एटीपी नावाच्या कणात साठवली जाते. एटीपी म्हणजे पेशीच्या बाजारातील चलनी नाणे. स्नायूची हालचाल असो, मेंदूतील विचार असो वा जखम भरणे असो, प्रत्येक कामाचे मोल याच नाण्यात चुकवावे लागते. हे नाणे साठवून ठेवता येत नाही. मिळवायचे आणि लगेच खर्चायचे. दिवसभरात माणसाच्या शरीरात घडणाऱ्या आणि मोडणाऱ्या एटीपीचे एकूण वजन केले, तर ते साधारण त्याच्या स्वतःच्या वजनाइतके भरते!

या अग्नीचा मुख्य भाग तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म अंगकांत चालतो. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन तेथे एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे सोपवले जातात आणि शेवटी ऑक्सिजनच्या हाती पडतात. विहिरीवर उभे राहून पाण्याच्या घागरी हातोहात पुढे देणाऱ्या माणसांची रांग डोळ्यांसमोर आणावी. या रांगेतील एका महत्त्वाच्या प्रथिनाचे नाव सायटोक्रोम सी. त्याच्या मध्यभागी लोहाचा एकच अणू असतो. इलेक्ट्रॉन घेतला की लोहाची एक अवस्था होते, दिला की दुसरी. चाकणच्या कारखान्यांत लोहाची अवस्था बदलू नये, त्याला गंज चढू नये म्हणून केवढी दक्षता घेतली जाते! पेशी मात्र लोहाच्या याच बदलत्या स्वभावाला कामाला लावते आणि प्रत्येक वेळी त्याला पूर्वपदावर आणते. माणसाच्या संपूर्ण देहात जेमतेम तीन-चार ग्रॅम लोह असते; जगण्याचा एवढा मोठा भार ते वाहते.

बटाटा आणि कमला सोहोनी

या सायटोक्रोमच्या कथेत एका महाराष्ट्रकन्येचे नाव आदराने घ्यावे लागते. कमला भागवत, विवाहानंतरच्या कमला सोहोनी, यांचा जन्म १९११ मध्ये इंदूर येथे झाला. विख्यात लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ मध्ये त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते चंद्रशेखर वेंकट रामन. अर्जदार स्त्री आहे, या कारणास्तव प्रवेश नाकारण्यात आला. कमलाबाई मागे फिरल्या नाहीत. त्यांनी शांतपणे सत्याग्रहाची भूमिका घेतली आणि नकाराचे कारण विचारले. अखेर अटी घालून त्यांना प्रवेश मिळाला. पहिले वर्ष केवळ परीक्षेचे मानले गेले. त्यांच्या कामाने रामन यांचे मत बदलले आणि त्या संस्थेची दारे इतर विद्यार्थिनींसाठीही उघडली.

पुढे त्या इंग्लंडमधील केंब्रिजला गेल्या. तेथे डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये प्राण्यांच्या व यीस्टच्या पेशींतील सायटोक्रोमचे वर्णन केले होते. वनस्पतींच्या ऊतींमध्ये हा श्वसनव्यवहार कसा चालतो, याचा शोध कमलाबाईंनी घेतला. त्यांच्या हातातील पदार्थ होता बटाटा. वनस्पतीच्या पेशीतही सायटोक्रोम सी असते आणि तिचेही श्वसन त्याच मार्गाने चालते, हे त्यांच्या संशोधनातून पुढे आले. अवघ्या चाळीस पृष्ठांच्या प्रबंधावर त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. १९३९ मध्ये त्या स्वदेशी परतल्या आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरा, डाळी व कडधान्ये यांच्या पोषणमूल्यांवर दीर्घकाळ काम केले. गोरगरिबांच्या ताटात काय पडते, याची चिंता त्यांच्या विज्ञानात होती. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

जैन स्वयंपाकघरात बटाट्याला स्थान नाही. परंतु विज्ञानाच्या इतिहासात त्याने मिळवलेले हे स्थान मोकळ्या मनाने मान्य करावे! जमिनीखाली निमूट पडलेला तो कंदही श्वास घेतो आणि माणसाच्या हृदयातील पेशी ज्या द्रव्याने श्वास घेते, तशाच द्रव्याने घेतो. मानवी सायटोक्रोम सी या प्रथिनात १०४ अमिनो आम्ले असतात. चिंपांझीच्या प्रथिनात हाच क्रम तंतोतंत आढळतो. ऱ्हीसस माकडात एकाच जागी फरक पडतो. गहू आणि यीस्ट यांच्यापर्यंत गेले तरी निम्म्याहून अधिक जागा जुळतात. वनस्पतीला सजीव मानण्याचा संस्कार ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्या घरांना हा निष्कर्ष परका वाटू नये. धर्म तेथे आपल्या वाटेने पोहोचला, विज्ञान आपल्या वाटेने. एकाने दुसऱ्याचे प्रमाणपत्र मागण्याचे कारण नाही.

उपवासात पेशी काय करते?

पर्युषणात अनेक घरांतून उपवास आणि अठ्ठाई होते. माणूस उपवास करतो तेव्हा त्याची पेशी मात्र उपवास करीत नाही. ती आपले इंधन बदलते. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात सुमारे ७० ते १०० ग्रॅम साखरेचा साठा असतो. तो साधारण एका दिवसात संपत येतो. मग शरीर चरबीच्या साठ्याकडे वळते. चरबीपासून यकृत कीटोन नावाची द्रव्ये तयार करते आणि एरवी ग्लुकोजवर चालणारा मेंदूही हळूहळू त्यांचा उपयोग करू लागतो. थोडे ग्लुकोज तरीही लागतेच. ते शरीर अंशतः प्रथिने मोडून मिळवते. म्हणून दीर्घ उपवासात स्नायूंची झीज होते आणि पारण्याच्या वेळी एकदम जड अन्न घेणे अपायकारक ठरू शकते.

पाण्याला मात्र पर्यायी इंधन नाही. मूत्रपिंडांना टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्यासाठी पाणी हवेच. आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. जे मधुमेही इन्सुलिन वा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांच्या पेशींचा हा इंधनबदल बिघडलेला असतो. उपवासात त्यांची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, तर औषध परस्पर बंद केल्यास विषारी प्रमाणात कीटोन साठू शकतात. अशा व्यक्तींनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तपाचा संकल्प करण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे हेच शहाणपणाचे आहे.

सर्व जीवांची एकच लिपी

डीएनएच्या नोंदवहीत केवळ चार अक्षरे आहेत. तीन-तीन अक्षरांचे शब्द केले तर असे ६४ शब्द होतात. त्यांपैकी बहुतेक शब्द एकेका अमिनो आम्लाचे नाव सांगतात आणि तीन शब्द पूर्णविरामाचे काम करतात. किरकोळ अपवाद सोडले तर जीवाणूपासून वटवृक्षापर्यंत आणि मुंगीपासून माणसापर्यंत हा शब्दकोश एकच आहे.

या एकतेचा लाभ कोट्यवधी मधुमेही रोज घेत आहेत. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन. त्याचा संपूर्ण क्रम फ्रेडरिक सँगर यांनी केंब्रिजमध्ये उलगडला. त्यासाठी त्यांना १९५८ चे नोबेल मिळाले. डुकराचे इन्सुलिन मानवी इन्सुलिनपेक्षा एका जागी आणि गाईचे तीन जागी वेगळे असते. फरक इतका अल्प असल्यामुळे अनेक दशके कत्तलखान्यातील प्राण्यांच्या स्वादुपिंडातून काढलेले इन्सुलिन माणसांना टोचले जात असे. ज्यांच्या घरी मुंगीही जपली जाते, त्यांच्यापुढे यामुळे केवढे धर्मसंकट उभे राहत असेल, याची कल्पना करवते. पुढे शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिनचा संदेश एका साध्या जीवाणूच्या डीएनएत जोडला. लिपी एकच असल्यामुळे जीवाणूने तो संदेश बिनचूक वाचला आणि मानवी इन्सुलिन तयार केले. १९८२ मध्ये असे इन्सुलिन अमेरिकेत रुग्णांसाठी उपलब्ध झाले. आज जगातील बहुतेक इन्सुलिन जीवाणू वा यीस्ट यांच्याकडूनच घडवून घेतले जाते. पेशीचे रसायन समजल्यामुळे असंख्य प्राण्यांच्या अवयवांवरील अवलंबन संपले. ज्ञानातून अहिंसेला वाट मिळाल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

परंतु एकतेची दुसरी बाजूही विसरता कामा नये. रसायन समान, म्हणून विषही समान. धान्याला कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरल्या जातात. ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू निघतो आणि तो किड्यांच्या पेशींतील श्वसनावरच घाला घालतो. माणसाच्या पेशीचे श्वसन त्याच मार्गाने चालते. म्हणून बंद खोलीत साठलेला हा वायू घरातील माणसांचाही प्राण घेतो आणि त्यावर खात्रीचा उतारा नाही. ज्यांचा धान्याचा व्यापार आहे त्यांनी आणि वर्षाचे धान्य भरून ठेवणाऱ्या कुटुंबांनी या गोळ्या राहत्या घरात कदापि आणू नयेत.

पिंपरीची देणगी: भेदाचा उपयोग

सर्व जीवांचे रसायन समान असेल तर एक प्रश्न उभा राहतो. रोगजंतूला मारणारे औषध रोग्याला का मारीत नाही? याचे उत्तर समानतेत सापडणाऱ्या सूक्ष्म भेदात आहे आणि त्या उत्तराशी पिंपरीचे जवळचे नाते आहे.

१९२८ मध्ये लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीभोवती जीवाणू मरून गेलेले दिसले. त्या बुरशीतून स्रवणाऱ्या द्रव्याला त्यांनी पेनिसिलिन नाव दिले. ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी व चेन यांनी १९४० च्या सुमारास ते शुद्ध करून प्राण्यांवर यशस्वीपणे वापरले. १९४१ मध्ये एका पोलिस शिपायाला ते टोचण्यात आले. मरणाच्या दारातील तो माणूस सुधारू लागला. त्याच्या मूत्रातून औषध पुन्हा काढून वापरले गेले. परंतु साठा संपला आणि तो दगावला. औषध माहीत असणे आणि ते पुरेसे असणे यांत एका प्राणाचे अंतर होते.

स्वतंत्र भारतापुढे हेच अंतर होते. ते भरून काढण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. ज्या काळी पिंपरी हे पुण्याबाहेरील लहानसे गाव होते, त्या काळी तेथील मोठ्या टाक्यांत साखर आणि हवेवर पोसलेली बुरशी देशासाठी औषध तयार करू लागली. पिंपरीच्या औद्योगिक जीवनाचा आरंभकाळ या औषधाशी जोडलेला आहे. नंतरच्या दशकांत या कंपनीला आर्थिक ओढाताण सोसावी लागली, तरी तिचे ऋण विसरता येत नाही.

पेनिसिलिन करते ते काम मोठे नेमके आहे. जीवाणूच्या पेशीभोवती पटलाशिवाय एक मजबूत भिंत असते. साखरेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे बांधणारे अमिनो आम्लांचे छोटे दुवे अशी तिची जाळी असते. हे आडवे दुवे बांधणाऱ्या विकराला पेनिसिलिन घट्ट चिकटते आणि त्याला कायमचे निकामी करते. भिंत कच्ची राहते, आतील पाण्याचा दाब वाढतो आणि वाढत असलेला जीवाणू फुटतो. मानवी पेशीला अशी भिंतच नाही. जे घर मुळात विटांचे नाही, त्याचा गवंडी हिरावून घेतला तरी काय बिघडणार?

बुरशीच्या संसर्गावर मात्र पेनिसिलिनचा उपयोग नाही, कारण बुरशीच्या भिंतीची घडण निराळी. तेथेही पिंपरीनेच मदत केली. हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधील एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक मिळवले. त्या सूक्ष्मजीवाचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसेस पिंपरिना. पिंपरी गावाचे नाव अशा रीतीने जीवशास्त्राच्या ग्रंथात कायमचे नोंदले गेले! हॅमायसिनच्या वर्गातील औषधे बुरशीच्या पटलातील एर्गोस्टेरॉल या स्निग्ध द्रव्याला पकडतात. मानवी पटलात त्याऐवजी कोलेस्टेरॉल असते. ही दोन द्रव्ये इतकी सारखी आहेत, की या वर्गातील औषधे माणसालाही थोडीफार बाधतात आणि ती जपून वापरावी लागतात. भेद जितका अल्प, तितकी दक्षता अधिक.

औषधातील जयणा

वैद्यकशास्त्र ज्या भेदावर उभे आहे, तो इतका नाजूक आहे. दुर्दैवाने माणूस स्वतःच्या हाताने तो पुसून टाकीत आहे. पेनिसिलिनचे कडे मोडणारे विकर जीवाणूंजवळ असू शकते, हे १९४० मध्येच आढळले होते. १९४५ च्या आपल्या नोबेल व्याख्यानात फ्लेमिंग यांनी इशारा दिला होता, की अपुऱ्या मात्रेने जीवाणू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. प्रत्येक अनाठायी गोळी दुर्बल जीवाणूंना मारते आणि विरोध करू शकणाऱ्यांना मोकळे रान देते. इतकेच नव्हे, तर एक जीवाणू आपली ही युक्ती डीएनएच्या तुकड्याच्या रूपाने शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जीवाणूलाही देऊ शकतो. पुन्हा तीच समान लिपी!

सर्दी-पडसे आणि बहुतांश घसादुखी विषाणूंमुळे होते. विषाणूला स्वतःची पेशी नाही आणि भिंतही नाही. मग पेनिसिलिन तेथे काय पाडणार? तरीही गल्लीच्या दुकानातून चिठ्ठीविना गोळ्या आणल्या जातात, दोन दिवसांत बरे वाटले की उरलेल्या कपाटात ठेवल्या जातात आणि पुढच्या वेळी शेजाऱ्याला दिल्या जातात. हेतू परोपकाराचा असतो; परिणाम मात्र साऱ्या वस्तीला भोगावा लागतो. उद्या एखाद्या बाळंतिणीला वा शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धाला खरी गरज पडेल, तेव्हा औषध हाताशी असूनही निरुपयोगी ठरेल. १९४१ मध्ये तो शिपाई औषध संपल्यामुळे गेला. येथे औषध असताना माणूस जाईल.

जैन आचारात जयणा हा अत्यंत अर्थपूर्ण शब्द आहे. चालताना, बोलताना, पाणी गाळताना ठेवायची जागरूकता म्हणजे जयणा. माणसाच्या आतड्यात असंख्य जीवाणू वास करतात आणि त्यांतील कित्येक त्याच्या पचनाला साह्य करतात. अनावश्यक प्रतिजैविक त्यांचा निष्कारण संहार करते. म्हणून औषधातही जयणा हवी. डॉक्टरांनी दिल्याशिवाय प्रतिजैविक घेऊ नये. दिले तर सांगितल्या मात्रेत आणि सांगितले तितके दिवस घ्यावे. उरलेले कोणाला देऊ नये. पाणी गाळणाऱ्या हातांना हे अवघड नाही.

पवनेच्या पाण्यापासून निघालेला हा विचार येथे पूर्ण होतो. बटाट्याचा श्वास, यीस्टचा श्वास आणि माणसाचा श्वास यांची रीत एक आहे. जीवाणूची लिपी आणि माणसाची लिपी एक आहे. या समानतेने इन्सुलिन दिले, तर तिच्यातील अल्पशा भेदाने पेनिसिलिन दिले. समानता ओळखून करुणा वाढावी आणि भेद ओळखून विवेक वाढावा, एवढीच या ज्ञानाची अपेक्षा आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी प्रत्येक कुटुंबाने घरातील औषधांचे कपाट एकदा उघडून पाहावे, ही नम्र विनंती.

बोलण्यात अनवधानाने काही उणे-अधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!